सत्तेचाळीस चिठ्ठ्या

एकोणीस वर्षं सदाशिव लोकांच्या मालात खोट काढत आला होता. त्याला पगारच त्याचा मिळत असल्यामुळे लोक खडूस म्हणत, दुष्ट म्हणत नसत. निघोज्याच्या एका कंपनीत तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. गाडीच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट तिथे तयार होत. ट्रॉली भरून आली की त्यातले पाच-दहा पीस आपल्या हाताने उचलायचे, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून बघायचे, आणि एक जरी अडकला तरी अख्ख्या ट्रॉलीला लाल पट्टी लावून ती बाजूला काढायची, हे त्याचं काम. प्रेसवरची पोरं "भाऊ, सोडा की एवढी एक" म्हणून गयावया करत. सदाशिव ढिम्म हलत नसे. ही खोड घरीही सुटत नव्हती. मंडईत तो वांगं असं फिरवून फिरवून बघे की भाजीवाली म्हणायची, "दादा, लग्न जमवताय का वांग्याचं?" त्यावर बायको दुर्गा म्हणे, "मला बघायला आले तवा बरे गप बसले व्हते."

जगाला पास-नापास करणारा हा माणूस स्वतः मात्र सात वर्षं पास झाला नव्हता. सात वर्षं तो त्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. टोपीचा रंग वेगळा, कॅन्टीनची रांग वेगळी, दिवाळीचा डबाही वेगळा. या फेब्रुवारीपासून मात्र चौघांना पर्मनंट करायचं ठरलं होतं आणि चौघांत सदाशिवचं नाव होतं. निरंजन साहेबांनी, म्हणजे त्याच्या विभागाच्या मॅनेजरनी, हे त्याला चहाच्या मशिनपाशी हळूच सांगितलं. पत्रावर बावीस जानेवारीला, शुक्रवारी सही होणार होती. ही बातमी ऐकली त्या दिवशी दुर्गाने कळंबला माहेरी फोन लावला, पण सांगितलं काहीच नाही. पत्र हातात पडल्याशिवाय बोलायचं नाही, दृष्ट लागते, असं दोघांचं ठरलं होतं.

दृष्ट लागायला तेव्हा वाटा पुष्कळ होत्या. एकवीस साल नुकतं लागलं होतं. कोरोनाची लस अजून आपल्यासारख्यांपर्यंत पोचली नव्हती. कंपनीचा नियम असा की कामगाराच्या घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं, तर त्या कामगाराला चौदा दिवस गेट बंद. पर्मनंट माणूस चौदा दिवसांनी परत येई. कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या जागी तिसऱ्या दिवशी दुसरा उभा राही. तेव्हा या पट्ट्यातल्या शहाण्या माणसांनी एक साधा उपाय काढला होता. तपासणी करायचीच नाही. ताप आला तर गोळी घ्यायची, आणि गेटवर कपाळाला तापमानाची बंदूक लावतात म्हणून बसमधून उतरताना कपाळावर बाटलीतलं गार पाणी मारायचं. सदाशिवने स्वतः कधी पाणी मारलं नव्हतं. मारणाऱ्यांकडे मात्र त्याने रोज काणाडोळा केला होता.

अशात गुरुवारी शाळेचा मेसेज आला. त्याची मुलगी करिष्मा तळवड्याजवळच्या कॉन्व्हेंटमध्ये दहावीला होती. नऊ महिने ती आतल्या खोलीत, दुर्गाच्या कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, सदाशिवच्या जुन्या मोबाईलवर भूमिती शिकत होती. चाचणीत तिचे गुण घसरले होते आणि प्रयोगशाळेचं तोंड तिने वर्षभर पाहिलं नव्हतं. आता येत्या बुधवारपासून वर्ग भरणार होते. सरकारने शिक्षकांची तपासणी सक्तीची केली होती. मुलांना पालकांचं संमतीपत्र पुरे होतं. या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरनी मात्र मुलांनाही तपासणी लावली. बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट आणल्याशिवाय गेटच्या आत पाऊल ठेवायचं नाही.

मेसेज वाचून सदाशिव घाबरला, आणि त्याला कारण होतं. मंगळवारी करिष्माला ताप आला होता. एक रात्र आला, सकाळी गेला. दुर्गाने काढा पाजला आणि हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाशी धरली. त्या घरातली तपासणी ती एवढीच.

"येतोय का वास?"

"येतोय," करिष्मा म्हणाली होती.

फार पटकन म्हणाली, असं सदाशिवला वाटलं. सुपरवायझर बघत असला की प्रेसवरची पोरं अशीच पटकन "ओके आहे भाऊ" म्हणतात. पण बावीसचा शुक्रवार पार पडू दे, मग बघू, असं त्याने मनाशी ठरवलं.

शनिवारी दुपारी शाळेच्या पटांगणात पालकांची सभा झाली. हातभर अंतरावर खुर्च्या मांडल्या होत्या. मुख्याध्यापिका सिस्टर लिडविना मूळच्या संगमनेरकडच्या. साठी गाठलेली, बारीक अंगाची बाई, मराठी तुमच्या-आमच्यासारखी बोलायच्या. त्यांनी लांबण लावली नाही.

"आमच्या मागच्या इमारतीत आठ निवृत्त सिस्टर्स राहतात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत धाकटी एकाहत्तरची. तुमच्या मुलांचे वर्ग आणि त्यांचं जेवणघर, मध्ये एकच अंगण आहे. सप्टेंबरात सिस्टर मोनिका गेल्या. आठवीपर्यंत तुमच्या मुलांना गणित त्यांनीच शिकवलं. कुणी आणलं ते कळलं नाही. दूधवाला असेल, माळी असेल, मी असेन. मला पुन्हा तसं नको आहे."

मग दत्तोबा उठले. हे निघोज्याचे जुने गावकरी. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्यावर खोल्या बांधून भाड्याने दिलेल्या. मुलगा-सून टेम्पोच्या धंद्यात, म्हणून नातवाच्या, बंटीच्या, शाळेचं सगळं आजोबाच बघत.

"सिस्टर, तुमचं दुख आमाला कळतंय," ते म्हणाले. "पर सरकारनं मास्तरांची टेस्ट सांगितलीया, पोरांची न्हाई. उद्या पोरगं पॉझिटिव्ह निघालं तर आख्ख्या घराला बंदी. बापाची शिफ्ट गेली, आईचं काम गेलं. मंग ती फी कुनी भरायची?"

आयटी पार्कातल्या एक बाई म्हणाल्या, "आम्ही तर करूनसुद्धा टाकली. घरी येऊन सॅम्पल घेऊन गेले. त्यात एवढं काय आहे?"

"तुमचं हापिसच घरात हाय, बाई," दत्तोबा म्हणाले. "आमचं गेटाच्या आत हाय."

मागे हशा पिकला आणि मग कालवा सुरू झाला. पोरांना पाठवणारच नाही, असं काहीजण म्हणाले. रिपोर्ट हवा तसा करून मिळतो, असंही एकजण बोलून गेला. सिस्टरनी टेबलावरचे दोन कागद उचलले. "मिळतो, हे मला माहीत आहे. हे दोन कालच आले. दोन वेगळी मुलं, नंबर एकच." त्यावर सगळे जरा ओशाळले.

तेव्हा दत्तोबांनी सदाशिवकडे बोट केलं. "आरं सदाभाऊ, तू बोल की. तपासणी हा तुजाच धंदा हाय."

सदाशिव उठला. पोरीचा ताप डोक्यात होता, पण आपल्या धंद्याचं कुणी चारचौघांत विचारलं की माणसाला बरं वाटतंच. "सिस्टर, शंभर टक्के तपासणी मोठ्या कंपन्याबी करत न्हाईत," तो म्हणाला. "लॉटमधून सॅम्पल काढायचं. कुठले पीस, हे आधी कुणाला म्हाईत नसलं पायजे. दहावीची पोरं अठ्ठेचाळीस. पाच नावं चिठ्ठ्या टाकून काढा, त्या पाचजणांची टेस्ट करा. ते पास, तर लॉट पास."

"आणि त्या पाचांत एखाद्याचं निघालं तर?"

"मग सगळ्यांची. एकबी सुटत न्हाई."

सिस्टरनी थोडा विचार केला. वर्गशिक्षिका पद्मा टीचरशी हलक्या आवाजात बोलल्या. सक्ती केली तर निम्मी मुलं येणार नाहीत आणि उरलेली खोटे कागद आणतील, हे त्यांना दिसत होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी दवाखान्याचे लोक शाळेतच येणार आहेत. चिठ्ठ्या तुम्हीच लिहा. तुमचा हात त्यात बसलेला आहे."

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. शेजारच्याने पाठीवर थाप मारली. सदाशिवला आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

चिठ्ठ्या लिहायला पद्मा टीचरने सदाशिवला आणि दत्तोबांना वर्गात नेलं आणि हजेरीपट दिला. दत्तोबांनी वहीची पानं फाडून सारखे अठ्ठेचाळीस तुकडे केले. चर्चमध्ये दान गोळा करायची एक वेताची टोपली होती, ती टेबलावर ठेवली. सदाशिव एकेक नाव लिही, घडी घाली आणि टोपलीत टाकी. एकतिसाव्या नंबरला करिष्माचं नाव आलं. ते त्याने इतरांसारखंच लिहिलं, उलट अक्षर जरा चांगलंच काढलं. घडी घातली. आणि टोपलीकडे निघालेला हात वाटेतच शर्टाच्या खिशाकडे वळला.

दत्तोबा तेव्हा मोबाईल बघत होते. कुणीही पाहिलं नाही.

तिची चिठ्ठी निघण्याची शक्यता दहात एक. दहात एकच्या भरवशावर हा माणूस रोज ट्रॉल्यांवर सह्या करत होता. पण पाळी स्वतःच्या पोरीवर आली तेव्हा तो दहातला एक त्याला डोंगराएवढा दिसला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बत्तीस नंबरपासून पुढची सतरा नावं त्याने भराभर लिहिली. बंटीचं नाव त्यात होतं, पूर्वी, शार्दूल अशा तिच्या वर्गातल्या पोरांची होती. ती सगळी टोपलीत गेली.

पटांगणात येऊन पद्मा टीचरने टोपली हलवली, चिठ्ठ्या खालवर केल्या आणि डोळे मिटून हात आत घातला.

"थांबा टीचर," सदाशिव म्हणाला. "उचलायच्या आधी लॉट मोजून घ्या."

त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण ती जीभ एकोणीस वर्षं नोकरी केलेली होती, ती मालकाची परवानगी घ्यायला थांबली नाही. माल मोजल्याशिवाय सॅम्पल काढू नये, हे त्याने आजवर शंभर पोरांना शिकवलं होतं, आणि नेमकं आजच्या दिवशी त्याला ते विसरता आलं नाही. शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो.

"बरोबर आहे," पद्मा टीचर म्हणाली. नवीन होती, नियमाची होती. तिने चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या आणि दहादहाचे ढीग केले. शेवटचा ढीग सातांचा झाला. तिने पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस.

"आसं कसं?" दत्तोबा म्हणाले. "कागुद मी फाडल्यात, बरूबर अठ्ठेचाळीस."

"माझ्याकडूनच पडली असेल. टोपली मीच आणली वर्गातून," पद्मा टीचर म्हणाली. तिचा चेहरा पडला. तिने टेबलाखाली बघितलं. मग गुडघ्यांवर बसून पालकांच्या खुर्च्यांखाली बघू लागली. साडीचा पदर धुळीत लागला. सिस्टर नुसत्या उभ्या होत्या. सगळे पालक पाय उचलून खाली बघत होते, आणि ती बिचारी पोर, जिने करिष्माला नऊ महिने मोबाईलवरून भूमिती शिकवली होती, एकेका खुर्चीखाली हात फिरवत, "सॉरी हं, सॉरी" म्हणत पुढे सरकत होती.

सदाशिवला ते बघवेना. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"टीचर, उठा," तो म्हणाला. "खाली न्हाई ती." त्याने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

सिस्टरनी ती उघडली, नाव वाचलं. "चुकून राहिली असेल खिशात," त्या शांतपणे म्हणाल्या. दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चुकून न्हाई, सिस्टर. मंगळवारी ताप व्हता तिला. म्हणून काढून ठेवली."

मग जे व्हायचं ते झालं. मघाशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच आता आवाज चढवला. दत्तोबा ओरडले नाहीत, त्याचंच सदाशिवला जास्त लागलं. "आमच्या पोरांच्या चिठ्ठ्या टोपलीत आन् तुजी खिशात व्हय, सदाभाऊ?" एवढंच म्हणून ते दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

"तुमच्या कंपनीत असं झालं तर काय करतात?" सिस्टरनी विचारलं.

"सॅम्पल रद्द," सदाशिव खाली बघून म्हणाला. "शंभर टक्के तपासणी."

"मग तसंच करू."

आता कुणाला तोंडच राहिलं नव्हतं. तपासणी टळावी म्हणून ज्याला पुढे केलं, त्यानेच सगळ्यांच्या गळ्यात ती घालून दिली होती.

तो घरी पोचायच्या आधीच बंटीच्या फोनमधून बातमी पोचली होती. दुर्गा चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, हलली नाही. करिष्मा दारातच उभी होती.

"माझं नाव का लपवलंत?" तिने विचारलं.

"शुक्रवारी पत्र मिळणार हाय मला. पर्मनंटचं. तुझं काही निघालं असतं तर—"

"तुम्हाला वाटलं मी खोटं बोलले. हिंगाचा वास येत होता मला, पप्पा. खरंच येत होता."

सदाशिवने खिशातलं पेन काढून खिडकीत ठेवलं.

"आणि पत्राचं मला सांगायचं ना," ती म्हणाली. "मी नसते गेले शाळेत. घरून केलं असतं. केलंच ना नऊ महिने?"

यावर तिने रागावून आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती खरंच तशी थांबली असती, कुरकुर न करता, दहावी त्या मोबाईलवर काढली असती. हे त्याला दिसलं. तो चप्पल काढून मोरीत पाय धुवायला गेला आणि नळ बराच वेळ चालू ठेवून उभा राहिला.

रविवारी सकाळी तोच तिला घेऊन गेला. जायची हिंमत होत नव्हती, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. रांगेत कुणी त्याच्याशी बोललं नाही. पांढऱ्या झबल्यातल्या बाईने करिष्माच्या नाकात काडी घातली, तिचे डोळे भरून आले, झालं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

"पालकांपैकी कुणाची करायची असेल तर करून घेते," बाई म्हणाली. "काड्या उरल्यात."

पालक एकमेकांकडे बघू लागले. कंपनीला कळलं तर काय होईल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सदाशिवलाही होतं. पण करिष्मा नाक पुसत त्याच्याकडे बघत होती. काही म्हणत नव्हती, नुसती बघत होती. पोरीवर संशय घेणाऱ्याने स्वतः तपासणी चुकवायची, हे बरं दिसत नव्हतं. शिवाय, त्याने स्वतःला समजावलं, आपल्याला झालंय काय? ना ताप, ना खोकला. तो खुर्चीवर बसला आणि मान वर केली.

सोमवारी संध्याकाळी रिपोर्ट आले. अठ्ठेचाळीस मुलांत दोन निघाली. त्यातला एक बंटी होता. दोघांनाही साधी शिंक आलेली नव्हती. करिष्मा निगेटिव्ह होती.

सदाशिव पॉझिटिव्ह होता.

त्याने तो रिपोर्ट तीनदा वाचला. नाव, वय, नंबर, सगळं त्याचंच होतं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, असं त्याच्या आजीने म्हटलं असतं. रोज चाळीस माणसांच्या बसमधून जाणारा तोच, कॅन्टीनच्या रांगेत उभा राहणारा तोच, आणि संशय घेतला होता नऊ महिने घराबाहेर न पडलेल्या पोरीवर. त्याने दुर्गाला हाक मारली, दारातूनच सांगितलं, आणि बाहेरच्या खोलीत स्वतःचं अंथरूण ओढून घेतलं. मधल्या दाराला पडदा होता तो दुर्गाने ओढून बंद केला. मग त्याने निरंजन साहेबांना फोन लावून सांगितलं.

"कुणाला पाठवला रिपोर्ट?" साहेबांनी पहिलं हेच विचारलं.

"कुणाला न्हाई. मोबाईलवर आलाय."

"मग राहू दे मोबाईलवरच. सदाभाऊ, नीट ऐका. बुधवारी कस्टमरचं ऑडिट आहे. तीन महिन्यांच्या सगळ्या शीटवर तुमच्या सह्या आहेत, ते प्रश्न विचारणार तुम्हालाच. ताप आहे का?"

"न्हाई."

"खोकला?"

"न्हाई."

"मग झालं तर. मास्क नीट लावा आणि या. शुक्रवारी पत्रावर सही होतेय. मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

"साहेब, नियम कंपनीचाच हाय."

"नियम आहेच हो. पण कधी लावायचा, हेही आपल्यालाच बघावं लागतं ना, राव."

सदाशिवला कंपनीची बस आठवली. बसमध्ये त्याच्या शेजारी रोज सोनबा बसायचा. बावन्न वर्षांचा, साखरेचा पेशंट, मोशीच्या थांब्यापासून तोंड उघडं टाकून झोपायचा आणि वळणावर त्याची मान सदाशिवच्या खांद्यावर पडायची. सात वर्षं पडत होती. उद्याही पडली असती. आणि सप्टेंबरातल्या त्या सिस्टरसारखं, कुणी आणलं हे कुणालाच कळलं नसतं. फक्त सदाशिवला कळलं असतं.

दुसऱ्या बाजूला सात वर्षं होती. वेगळी टोपी होती, वेगळी रांग होती, कळंबला न सांगितलेली बातमी होती. त्याला ते पत्र हवं होतं. फार हवं होतं.

"रजिस्टरला लिहून घ्या साहेब," तो म्हणाला. "मी पॉझिटिव्ह हाय. चौदा दिवस येत न्हाई."

"विचार करा. सात वर्षं थांबलात."

"केला."

"मग पत्राचं मला विचारू नका," निरंजन साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी चौघांना पत्रं मिळाली. चौथं दुसऱ्या कुणाला तरी. फेब्रुवारी निम्मा झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरने सदाशिवला चाकणच्या दुसऱ्या एका कंपनीत लावून दिलं, पुन्हा कॉन्ट्रॅक्टवरच, पुन्हा पहिल्या दिवसापासून. पण हे सगळं पुढचं. सोमवारी संध्याकाळी फोन ठेवल्यावर मात्र त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. दोन खोल्यांच्या घरात कुणापासून काय लपतं? पडद्याआड दुर्गाची भांडी थांबली. तिने सगळं ऐकलं होतं.

थोड्या वेळाने पडद्यापाशी करिष्मा येऊन बसली. सावली दिसत होती.

"पप्पा."

"लांब बस."

"लांबच आहे. पद्मा टीचरचा मेसेज आलाय. घरात पेशंट असेल तर चौदा दिवस शाळेत यायचं नाही."

सदाशिवच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पोरांना शाळेत जाता यावं म्हणून ही सगळी तपासणी, आणि आता तिच्या आड तोच आला होता. "माझ्यामुळं गं," तो म्हणाला. "तू निगेटिव्ह असून."

"चालेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वर्गाच्या ग्रुपवर कळवायला लागेल. मी का येणार नाही ते."

"टीचरला एकटीला कळव. पुरे हाय."

"मग सगळे म्हणतील की मीच पॉझिटिव्ह आहे. शनिवारचं सगळ्यांना माहीत आहे." तिने मोबाईल हातात घेतला. "घरात कुणीतरी पॉझिटिव्ह आहे, एवढंच लिहू? नाव नको?"

त्या ग्रुपवर अठ्ठेचाळीस घरं होती. त्यातली निम्मी त्याच पट्ट्यातल्या कंपन्यांत जाणारी. नऊ महिन्यांत त्यावर एकाही घराने आपलं नाव घालून असं काही लिहिलं नव्हतं.

"न्हाई," सदाशिव म्हणाला. "नाव लिही माझं."

"पप्पा म्हणून?"

"पूर्ण नाव. तारीख पण घाल."

ती लिहीत असताना बोटांचा टकटक आवाज येत होता. मग तिने पडदा जरासा सारला आणि हात लांब करून मोबाईल त्याच्या बाजूला धरला. एवढ्या अंतरावरून त्याला अक्षरं नीट दिसेनात, म्हणून तो मान पुढे काढून एकेक शब्द वाचत गेला. नाव बरोबर होतं. तारीख बरोबर होती. काहीही लपवलेलं नव्हतं.

"पाठव," तो म्हणाला.